तराजूकाकांचं शून्य

“ते सगळं ठीक आहे,” तराजूकाका म्हणाले, “पण याचं शून्य कुठे आहे?”

प्रश्नताईंनी समोरच्या जाड पुठ्ठ्यावर बोट ठेवलं. पुठ्ठ्यावर एक शिडी छापलेली होती. तळाच्या पायरीवर शून्य, टोकाच्या पायरीवर दहा. “हे इथे, काका. शून्य म्हणजे याहून वाईट आठवडा असूच शकत नाही. दहा म्हणजे याहून चांगला असूच शकत नाही. गेला आठवडा तुम्ही कुठल्या पायरीवर ठेवाल?”

“हे छापलेलं शून्य झालं. मी खऱ्याचं विचारतोय.”

“अहो, सात सांगा नि मोकळे व्हा,” शेजारच्या खुर्चीवरून काकू म्हणाल्या. “बाहेर सगळे सातच सांगून आलेत. मी बाकावर विचारून आले.”

“तू कॉपी करायला सांगतेस मला?”

“मी घरी जायला सांगते.”

हे संभाषण ज्या खोलीत चाललं होतं, ती मूळची झाडू ठेवायची खोली. कॅन्सरच्या त्या मोठ्या रुग्णालयात एक्स-रे आणि जिना यांच्या मध्ये एवढीच जागा उरली होती, म्हणून ती विज्ञानाला मिळाली. झाडू गेले, दोन खुर्च्या, एक टेबल आणि एक डुगडुगणारं स्टूल आलं, आणि दारावर पाटी लागली : ‘संशोधन कक्ष – जीवनमान’. या पाटीचा अर्थ लोक आपापल्या गरजेनुसार लावत. एक आजीबाई आत येऊन, पदर सावरून, हळू आवाजात म्हणाल्या होत्या, “इथे किती किती वर्षं देतात? मला नातीची परीक्षा होईपर्यंत पुरली तरी चालतील.”

प्रश्नताई इथे अकरा वर्षं प्रश्न विचारत होत्या. प्रश्न तीस. गेल्या आठवड्यात झोप लागली का, जेवण गेलं का, चिडचिड झाली का, घरच्यांशी बोलावंसं वाटलं का. उत्तरं चार : अजिबात नाही, थोडं, बरंच, खूप. पाचवं उत्तर नव्हतं. तिसावा प्रश्न शिडीचा. उपचारांनी माणूस किती जगतो हे वरच्या मजल्यावरचे डॉक्टर मोजत. तो कसा जगतो, हे मोजायचं काम या झाडूच्या खोलीत होई.

कामाचे नियम कडक होते. सुचवायचं नाही. मान हलवायची नाही. ‘अरेरे’ म्हणायचं नाही, ‘छान’ म्हणायचं नाही. चेहरा भिंतीवरच्या घड्याळासारखा ठेवायचा; वेळ कितीही वाईट असली तरी घड्याळ तोंड वाकडं करत नाही. अकरा वर्षांत ताईंचा चेहरा असा घडला होता की भाचीच्या लग्नात फोटोग्राफरनं विचारलं, “तुम्ही वधूकडच्या, वराकडच्या, की कोर्टाकडच्या?” घरीही सवय सुटत नसे. “भाजीत मीठ कसं झालंय? अजिबात नाही, थोडं, बरंच, की खूप?” असं त्या नवऱ्याला विचारत. नवरा लोकांना मोटार चालवायला शिकवायचा, त्यामुळे जपून बोलायची सवय त्यालाही होती. तो म्हणे, “थोडं आणि बरंच यांच्या मधोमध.”

“मधोमध काही नसतं. एकच सांगा.”

फॉर्मच्या तळाशी दोन बोटं रुंदीचा एक रकाना होता : ‘शेरा’. तो अकरा वर्षं कोराच जाई. त्यात काय लिहायचं हे नियमांच्या पुस्तकात नव्हतं, आणि लिहिलं तर वाचणार कोण हेही नव्हतं.

तर अशा या खोलीत तराजूकाका येऊन बसले होते. अन्ननलिकेत गाठ होती, उपचार पुढच्या सोमवारी सुरू व्हायचे होते, आणि ‘तराजूकाका’ हे नाव त्यांना बाहेरच्या बाकानं पहिल्याच सकाळी बहाल केलं होतं, कारण आत येतायेता त्यांनी फाटकावरच्या केळीवाल्याला थांबून सांगितलं होतं की तुझं उजवं पारडं खोटं बोलतंय. ते चौतीस वर्षं वजनमाप निरीक्षक होते. दुकानांत, कारखान्यांत, सोनारांकडे जाऊन तराजू तपासायचा. बरोबर निघाला तर शिक्का, नाही तर जप्ती. निवृत्त होताना कचेरीतल्या सहकाऱ्यांनी त्यांना शोभेचा पितळी तराजू भेट दिला. काकांनी निरोपाची भाषणं चालू असतानाच तो तपासला. डावं पारडं दोन ग्रॅम जड निघालं. तो तराजू त्यांच्या दिवाणखान्यात आजही आहे, ‘वापरास मनाई’ अशा त्यांच्याच सहीच्या चिठ्ठीसकट.

“ताई,” ते समजुतीच्या सुरात म्हणाले, “ज्या मापाला प्रमाण नाही, त्यावर मी खूण करत नाही. उद्या कुणी विचारलं की हे सहा म्हणजे कशाचे सहा, तर तुम्ही काय दाखवणार?”

हे ताईंना अकरा वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. पुस्तकात नियम होता : रुग्णाने अर्थ विचारल्यास प्रश्न जसाच्या तसा पुन्हा वाचावा. त्यांनी तो तीनदा वाचला. काकांनी तो तीनदा लक्षपूर्वक ऐकला.

“वाचता छान,” ते म्हणाले. “एक कोरा कागद देता का?”

कागद घेऊन ते बाहेर बाकावर जाऊन बसले. वीस मिनिटं त्यांनी डोकं वर केलं नाही. काकूंनी वाकून बघायचा प्रयत्न केला तर त्यांनी हाताचा आडोसा केला. मग कागदाची घडी एका पाकिटात घालून, पाकीट शर्टाच्या आतल्या खिशात ठेवून ते आत आले.

“प्रमाण तयार केलं. आता विचारा.”

“गेला आठवडा, काका?”

“सहा.”

ताईंनी सहावर खूण केली आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांना उत्सुकता वाटली. चेहरा अर्थातच घड्याळाचा होता, पण काकांची नजर काट्यांवर जन्म काढलेली होती. घड्याळाचा काटा किंचित थरथरला तरी त्यांना कळायचं.

“दहा काय ते सांगतो,” ते म्हणाले. “नोकरीचं एकविसावं वर्ष. एका बाजारात अचानक तपासणीला गेलो. एकेचाळीस तराजू. एकही खोटा नाही. एकही, ताई! बाजाराच्या मधोमध उभा राहिलो नि मला काही कामच नव्हतं. दुपारी तीनला घरी गेलो, हिनं चहा दिला, नि झोपलो. ते दहा.”

“आणि उठल्यावर म्हणालात, उद्या परत जाऊन बघतो, माझंच काहीतरी चुकलं असेल,” काकू म्हणाल्या.

“ते अकरा.”

“आणि शून्य?” हा प्रश्न ताईंनी विचारला नाही. नियमात बसत नव्हता. काकूंनी विचारला.

“शून्य आहे,” काका उठत म्हणाले. “कुठे आहे ते मला माहितेय. तेवढं पुरे.”

दर सहा आठवड्यांनी काका येत राहिले. दुसऱ्या खेपेला केस गेले होते आणि शिडीवर चार आले. तिसऱ्या खेपेला तीन. दरवेळी ते खिशातून पाकीट काढत, भिंतीकडे तोंड करून कागद वाचत आणि मगच बोलत. बाकावर चर्चा होती की काकांकडे एक कागद आहे, तो बघितला की बरोबर उत्तर येतं. एका शिंपीणबाईंनी काकूंकडे त्याची झेरॉक्सही मागितली.

आत येण्याआधी काका बोळातल्या वजनाच्या यंत्रासमोर थांबत. संशोधनाच्या फायलीसाठी प्रत्येकाचं वजन त्या जुन्या, गोल तबकडीच्या यंत्रावर होई. तबकडीच्या तळाशी कुणीतरी एक सूचना चिकटवली होती : ‘यंत्रावर टेकू नये’. काका ती सूचना वाचत, यंत्राकडे बघत, पुन्हा सूचना वाचत, आणि जुना गुन्हेगार दिसावा तसे डोळे बारीक करून पुढे सरकत.

चौथ्या खेपेला ते चाकाच्या खुर्चीतून आले. गाठ पसरली होती. पुढचे उपचार थांबवायचं ठरलं होतं, आणि ते काकांना, काकूंना आणि ताईंना, तिघांनाही माहीत होतं. काकांचा शर्ट आता त्यांच्या थोरल्या भावाचा वाटत होता.

एकोणतीस प्रश्न झाले. जेवण जातं का? अजिबात नाही. थकवा? खूप. दुखतं? बरंच. “‘खूप’ राखून ठेवतोय,” काका म्हणाले, “लागेल पुढे.” मग शिडी आली. काकांनी पाकीट काढलं. या वेळी भिंतीकडे तोंड करून त्यांनी कागदावर काहीतरी खोडलं, काहीतरी लिहिलं, फुंकर घालून शाई वाळवली आणि घडी घातली.

“आठ.”

“वा!” प्रश्नताई म्हणाल्या.

काकूंनी काकांकडे बघितलं, काकांनी ताईंकडे, आणि ताईंनी स्वतःच्या तोंडाकडे बघता आलं असतं तर तिकडे बघितलं असतं. अकरा वर्षं आणि काही हजार फॉर्म एवढ्या काळात त्यांच्या तोंडून गेलेला हा पहिला उद्गार.

“आता हे लिहावं लागेल ना?” काकांनी विचारलं. नियम मोडला की नोंद होते, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

“हो.”

ताईंनी शेऱ्याच्या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं : ‘उत्तरानंतर विचारणारीने “वा” असे म्हटले. तसे म्हणायला नको होते.’ खाली तारीख, सही.

काकांनी ते टेबलापलीकडून उलटं वाचलं. “अक्षर चांगलंय,” ते म्हणाले.

पाच आठवड्यांनी ताईंना वरच्या मजल्यावर बोलावणं आलं.

वर दोघं होती. संशोधनाच्या प्रमुख मॅडम, ज्या डोक्यावर ठेवलेला चष्मा टेबलावर शोधत होत्या, आणि आकडेवाला. हा तरुण दोन पडद्यांमध्ये बसे. त्यानं एकही रुग्ण प्रत्यक्ष पाहिला नव्हता, पण सगळ्यांना नंबरानं ओळखायचा आणि त्यांच्याबद्दल आपुलकीनं बोलायचा.

“मॅडम, हा आपला दोनशे सतरा बघा,” तो म्हणाला. “गाठ वाढतेय, वजन उतरतंय, जेवण बंद, नि शिडीवर हा माणूस चढतोय. तीनवरून आठ! असे एकूण सहा जण निघालेत. आणि सहाच्या सहा फॉर्म…” त्यानं वाक्य पुरं केलं नाही. तो वाईट मुलगा नव्हता.

“ताई,” मॅडम म्हणाल्या, “रागावू नका. गर्दी असते, मला माहितेय. एखाद्या दिवशी, एखादा फॉर्म… आपणच भरून टाकला, असं झालंय का?”

“नाही.”

“कारण तसं असेल तर तुमचं या वर्षाचं सगळंच काम बाजूला ठेवावं लागेल. आणि महिनाअखेरीला तुमची नेमणूक पुढे न्यायची सही मलाच करायची असते. मी कशी करू?”

कुणीही दुसरी बाई असती तर रडली असती, ओरडली असती, निदान लाल झाली असती. ताईंचा चेहरा घड्याळाचा. आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या लक्षात आलं की निर्विकार चेहरा हा चोराच्या चेहऱ्यासारखाच दिसतो.

“नाही भरला,” त्या पुन्हा म्हणाल्या.

संध्याकाळी नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग? वाईट वाटलं? अजिबात नाही, थोडं, बरंच…?”

“खूप,” ताई म्हणाल्या, आणि भांडी घासताना दोन कप फोडले. दुसरा कप फुटला तेव्हा नवरा उठला, त्यांच्या हातातून घासणी घेतली आणि उरलेली भांडी न बोलता घासली.

वर असं ठरलं की सहांपैकी जो पुढे येईल त्याला मॅडमसमोर पुन्हा विचारायचं. पुढचा येणारा होता गुरुवारी, दोनशे सतरा.

गुरुवारी काका आले तेव्हा बोळात मॅडम उभ्या, आकडेवाला उभा, ताई उभ्या. आकडेवाल्यानं दोनशे सतराला पहिल्यांदाच पाहिलं आणि नकळत हात जोडले. खुर्ची काकू ढकलत होत्या, आणि खुर्चीच्या मागच्या बाजूला भलीमोठी पिशवी लटकत होती.

“काका, आत येता? आम्हाला एक प्रश्न…” मॅडमनी सुरुवात केली.

“आधी हे,” काकांनी यंत्राकडे बोट दाखवलं. “सहा महिने सहन करतोय. आज सोडणार नाही. काढ गं.”

काकूंनी पिशवीतून मीठ काढलं. एक किलोची बंद पिशवी. मग दुसरी. मग तिसरी, चौथी, पाचवी. बाकावरचे लोक उठून जवळ आले.

“बसमधून आणलंय हे मी,” काकू मॅडमना म्हणाल्या. “कंडक्टर विचारतो, आजी, दुकान टाकताय का? म्हटलं नाही बाबा, यांची तपासणी आहे. त्याला वाटलं यांचीच.”

“पाच किलो,” काका म्हणाले. “घरच्या काट्यावर मी स्वतः तपासलेलं. ठेवा वर.”

आकडेवाल्यानं पिशव्या रचल्या. काटा फिरला आणि थांबला. साडेसहा.

“आता ते उतरवा, नि ती सूचना सोलून काढा.”

आकडेवाल्यानं नखानं कागद सोलला. यंत्र रिकामं होतं आणि काटा दीडवर आरामात बसलेला होता. शून्य त्याच्या मागे, कागदाखाली, गेलं वर्षभर अंधारात होतं.

“चौतीस वर्षांत,” काका भारावून म्हणाले, “इतका बिनधास्त प्रकार मी पाहिला नाही. लोक निदान मागच्या बाजूनं लबाडी करतात.”

“म्हणजे वर्षभराची सगळी वजनं…” आकडेवाल्याचा आवाज चिरकला.

“दीड किलो कमी करा सगळ्यांची. माझंही करा. मला वाटलंच होतं, मी इतका जाड नाही.”

हसावं की नाही हे बाकाला कळेना. काकू हसल्या, मग सगळे हसले. यंत्रावर वर्षभर कुणालाही संशय आला नव्हता, ही गोष्ट मॅडमच्या डोक्यात शिरताना बाहेरून दिसत होती. त्यांनी ताईंकडे एकदा बघितलं आणि नजर वळवली.

मग सगळे त्या झाडूच्या खोलीत मावायचा प्रयत्न करू लागले. डुगडुगणारं स्टूल आकडेवाल्याच्या वाट्याला आलं. मॅडमनी स्वतः पुठ्ठा समोर धरला.

“गेला आठवडा, काका?”

काकांनी पाकीट काढलं, वाचलं, परत ठेवलं. “आठ.”

“पहिल्यांदा आलात तेव्हा सहा सांगितलं होतं. तेव्हा तुम्ही चालत आला होता.”

“हो.”

“जेवत होता.”

“केळीसुद्धा खाल्ली होती, खोट्या तराजूची.”

“मग आज आठ कसे?”

काकांनी खुर्चीत मागे टेकून श्वास घेतला. हल्ली त्यांना एका वाक्यासाठी दोन श्वास लागत आणि ते दोन्ही तोलूनमापून घेत.

“मॅडम, तेव्हा माझं दहा म्हणजे अख्खा बाजार होता. एकेचाळीस तराजू. आता माझ्याकडे बाजार नाही. एक खिडकी आहे, ही आहे, नि दुपारचा चहा. आता हे एवढंच त्या जुन्या काट्यावर टाकलं तर काटा हलणारच नाही. पोती मोजायच्या काट्यावर सोनार सोनं मोजत नाही. तो छोटा काटा घेतो. मी घेतला.” थांबून त्यांनी ताईंकडे बोट केलं. “या बाईंनी मी बोललो तेच उतरवलंय. माप बदललं की त्याची नोंद करायची असते, तारखेसकट. तुमच्या कागदावर त्याला जागाच नाही. हा दोष कागदाचा आहे. बाईंचा नाही.”

मॅडमनी फाइलमधला मागचा फॉर्म काढला आणि बहुधा पहिल्यांदाच तळापर्यंत वाचला. तळाशी त्या थांबल्या. चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर आला.

“‘उत्तरानंतर विचारणारीने “वा” असे म्हटले,’” त्यांनी मोठ्यानं वाचलं. “‘तसे म्हणायला नको होते.’” त्या आकडेवाल्याकडे वळल्या. “हे तू पाहिलं होतंस?”

“शेरा आपण चढवत नाही मॅडम, कॉम्प्युटरवर,” तो स्टुलावर डुगडुगत म्हणाला.

“जी बाई हे लिहून ठेवते, ती खोट्या खुणा करेल?”

ताईंचा चेहरा घड्याळासारखाच राहिला. फक्त त्यांनी पदराचं टोक बोटाभोवती इतकं घट्ट गुंडाळलं की बोट पांढरं पडलं. ते काकांनी पाहिलं आणि ते दाराबाहेर बघू लागले.

“एक विचारू, काका?” मॅडम म्हणाल्या. आता त्यांचा आवाज तपासणीचा नव्हता. “तो पहिला आठवडा, सहाचा. आजच्या मापानं तो किती?”

काका चकित झाले. एवढा चांगला प्रश्न त्यांना सरकारी नोकरीतही कुणी विचारला नव्हता. त्यांनी खिशातलं पाकीट चाचपलं.

“नऊ,” ते म्हणाले. “पायांनी आलो होतो. केळं गिळलं होतं. आणि मी आठवडाभर गुडघा दुखतो म्हणून कुरकुरत बसलो. सहा दिले त्याला! तीन मार्कांची चोरी केली मी, मॅडम. स्वतःच्याच मालात.”

“मला झोपू दिलं नाही त्या गुडघ्यापायी,” काकू म्हणाल्या. “माझे धरून पाच मार्कांची.”

महिनाअखेरीला ताईंच्या नेमणुकीवर सही झाली. फॉर्ममध्ये एकतिसावा प्रश्न आला : ‘पहिल्या भेटीच्या वेळचा आठवडा आज तुम्ही कुठे ठेवाल?’ सूचना बोळातून गेली, यंत्र दुरुस्त झालं, आणि आकडेवाला आठवड्यातून एकदा खाली येऊन बाकावर बसू लागला. त्याचा नंबर लागतोय असं समजून लोक त्याला धीर देत.

सहाव्या भेटीची तारीख आली आणि गेली. काका आले नाहीत.

त्यानंतर पंधरा दिवसांनी दुपारी ताईंनी दार उघडून “पुढचे” म्हटलं तर बाकावरून काकू उठल्या. त्यांनी रीतसर नंबराची चिठ्ठी घेतली होती आणि तासभर रांगेत बसल्या होत्या.

“काकू! तुम्ही सरळ आत यायचं ना.”

“रांग मोडलेली यांना खपत नसे.” त्या खुर्चीत बसल्या. काकांच्या नाही, आपल्या नेहमीच्या खुर्चीत. “मंगळवारी गेले. तारखेच्या दोन दिवस आधी. खिडकीशी बसले होते, म्हणाले जरा पडतो.”

ताई काही बोलल्या नाहीत. नियम होता म्हणून नाही.

काकूंनी पिशवीतून ते पाकीट काढलं. वर काकांच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘संशोधन कक्षास’. “तुझ्यासाठी ठेवलंय. मी उघडलं नाही. वाच तू, माझा चष्मा घरी राहिला.”

चष्मा काकूंच्या गळ्यात लटकत होता. ताईंनी तो पाहिला आणि कागद उलगडला.

कागद घड्यांवर विरला होता. वरच्या बाजूला ‘१०’ लिहून त्यापुढे बरंच काही खोडलेलं होतं, प्रत्येक खाडाखोडीपुढे तारीख आणि सही. बाजार, एकेचाळीस तराजू : खोडलेलं. जिना चढून गच्चीत गेलो, न थांबता : खोडलेलं. अर्धी पोळी : खोडलेलं. शेवटची ओळ तशीच होती. ताईंनी ती जशी होती तशी वाचली :

“‘दहा : अर्धा कप चहा, पोटात राहिला. ही शेजारच्या दोघींचं भांडण दोघींच्या आवाजात सांगत होती. सोमवार. आजचा आठवडा : नऊ. दहा द्यायला हरकत नव्हती, पण भांडणाचा शेवट हिनं गाळला.’”

“शेवट वाईट होता,” काकू म्हणाल्या. “म्हणून गाळला. खाली काय आहे?”

खाली शून्य होतं. त्यापुढे पहिल्या दिवसाची निळी शाई. एकही खाडाखोड नाही.

“‘शून्य,’” ताईंनी वाचलं. “‘हिचं ऑपरेशन. ही आत, मी बाहेर. चार तास. कुणी काही सांगायला आलं नाही.’”

काकूंनी पुठ्ठ्यावरच्या शिडीच्या तळाच्या पायरीवर बोट ठेवलं.

“सत्तावीस वर्षं झाली त्याला,” त्या म्हणाल्या. “मी शुद्धीवर आले तर हे बाजूला बसलेले. म्हटलं, घाबरला होता का? तर म्हणाले, ‘बाहेरच्या पंख्याचा आवाज फार होता.’ एवढंच. मग सत्तावीस वर्षं पंख्यावरच बोललो आम्ही.” त्यांनी नाक पुसलं. “लिहून टाक गं ते नऊ. राहिलाय ना त्यांचा सहावा कागद?”

सहावा कागद खणात वरच होता. दोनशे सतरा. ताईंनी तो काढला आणि टेबलावर सरळ केला. नऊचा चौकोन पेनाखालीच होता. एक खूण, आणि कुणालाही कळलं नसतं. मॅडमनी तर आता विचारलंही नसतं.

“नाही लिहिता येणार, काकू,” त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज फाटला आणि त्यांनी तो सावरायचा प्रयत्न केला नाही. “मी विचारलं नव्हतं. मी विचारायचं, त्यांनी सांगायचं, तेव्हाच ते उत्तर होतं.”

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं आणि मान डोलावली, हिशेब जुळलेल्या माणसासारखी. “हेसुद्धा अस्संच म्हणाले असते. आणि वर मला रागावले असते, की मागितलंसच कसं.” त्या उठल्या, कागदाची घडी घातली आणि ब्लाउजात ठेवली. पाकीट टेबलावरच राहिलं. “पाकीट तुझं. कागद माझा.”

दारातून त्या बाहेर गेल्या. बोळात वजनाच्या यंत्रासमोर त्यांची पावलं थांबली. त्यांनी गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला, कमरेवर हात ठेवून खाली वाकल्या आणि तबकडीच्या तळाशी नीट बघितलं.

“बरोबर आहे गं,” त्यांनी बाहेरूनच सांगितलं, आणि चालू लागल्या.

ताईंनी तीसच्या तीस प्रश्नांपुढे ‘उत्तर मिळाले नाही’ या चौकोनात खुणा केल्या. एकतिसाव्यापुढेही केली. मग पेन तळाच्या दोन बोटं रुंदीच्या रकान्यावर आणलं आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं : ‘शून्य तपासले. जागेवर आहे.’ खाली तारीख, सही.

शाई वाळेपर्यंत थांबून त्यांनी दार उघडलं.

“पुढचे,” त्या म्हणाल्या.